बादलीभर अक्कल

ज्या माणसाच्या टाकीतल्या पाण्याची अल्कलिनिटी रोज सकाळी चहाच्या आधी मोजली जाते, कॅल्शियम ४२० च्या खाली उतरलं की ज्याचा रक्तदाब वर जातो, जो स्वतःच्या कोलेस्टेरॉलकडे वर्षानुवर्षं ढुंकून बघत नाही पण टाकीतल्या पाण्याची बाटली पोस्टाने प्रयोगशाळेत पाठवून त्यात मॉलिब्डेनम किती आणि व्हॅनेडियम किती याचा तक्ता मागवतो, अशा माणसाला एकच प्रश्न विचारा. शनिवारी आणलेलं ते नवं कोरल मोठ्या टाकीत सोडण्याआधी किती दिवस वेगळं ठेवलं होतं?

"वेगळं कशाला? औषधाच्या पाण्यात डिप केलं ना!"

किती वेळ?

"दहा मिनिटं. बाटलीवर लिहिलंय तसं."

बाटलीवर लिहिलंय. संपला विषय. वेद अपौरुषेय आहेत की नाहीत यावर हा गृहस्थ तासभर वाद घालेल, पण बाटलीवरचं लेबल म्हटलं की श्रद्धा अढळ.

मी न्यू जर्सीत राहते. इथल्या मराठी बेसमेंटांत पूर्वी कॅरम बोर्ड, मोडकी ट्रेडमिल आणि गणपतीचं मखर असायचं. आता निळ्या दिव्यांखाली समुद्र बुडबुडतात आणि प्रत्येक समुद्राशेजारी एक सागरशास्त्रज्ञ उभा असतो. (दिवसा तो कुठल्यातरी बँकेचा डेटाबेस सांभाळतो.) माझ्याही बेसमेंटमध्ये टाकी आहे, तेव्हा हे मी काठावर उभी राहून बोलत नाही. या मंडळींत मी 'वहिनी'. "वहिनी, तुम्ही फार घाबरता बुवा." "वहिनी, निसर्गात कुठे असतं क्वारंटाइन?" हे दुसरं वाक्य उच्चारलं जातं तेव्हा वक्त्याच्या पाठीमागे काचेच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या नळ्यांतून, विजेच्या पंपाने, बादलीभर विकतचं मीठ कालवून केलेलं पाणी गरगरत असतं. वर आठशे डॉलरचा दिवा. निसर्ग म्हणे!

ज्यांना या वेडाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कोरल म्हणजे प्रवाळ, आणि प्रवाळ हा प्राणी आहे. चुन्याच्या सांगाड्यावर दाटीवाटीने राहणाऱ्या शेकडो पॉलिपांची ती चाळ. शौकिनांच्या बाजारात ही चाळ अख्खी विकत नाहीत. फांदीचा तुकडा मोडायचा, चिनी मातीच्या छोट्या बुचावर सुपरग्लूने चिकटवायचा, झाला 'फ्रॅग'. नखाएवढ्या तुकड्याला 'वॉल्ट डिस्ने' नाही तर 'होमरेकर' असलं काही नाव दिलं की किंमत शंभर डॉलरच्या पुढे. हॉटेलांच्या हॉलमध्ये या तुकड्यांचे मेळे भरतात. इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीच्या जुडीवरून काउंटरवाल्याशी हुज्जत घालणारे आपले लोक तिथे दोनशे डॉलर मोजताना चकार शब्द काढत नाहीत.

आता या दोनशे डॉलरच्या तुकड्याबरोबर फुकट काय काय येतं, ते विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. एप्टेशिया नावाचं पारदर्शक, दिसायला गोजिरवाणं उपटसुंभ, जे चिमटीने चिरडलं तर उरलेल्या तुकड्यांतून पुन्हा उगवतं. झोअँथिड नावाचं कोरल खाणाऱ्या बिनकवचाच्या गोगलगायी, ज्या झोअँथिडसारख्याच दिसतात. अ‍ॅक्रोपोरा जातीच्या कोरलवरचे अर्ध्या मिलिमीटरचे पिवळे-तांबडे 'रेड बग', जे बग वगैरे कोणी नसून कोळंबीच्या लांबच्या भाऊबंदांपैकी आहेत. या सगळ्यांत माझा लाडका आहे तो अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटा किडा. लाडका म्हणजे, शत्रू असावा तर असा.

नाव प्रॉस्थिओस्टोमम अ‍ॅक्रोपोरी. पानासारखा चपटा. हा कोरल खातो आणि खाल्लेल्या कोरलचाच रंग अंगात मुरवून त्याच्यावर पसरून झोपतो. तुम्ही भिंग घेऊन नाक काचेला लावा, तो तुमच्यासमोर पहुडलेला असतो आणि तुम्हाला कोरल दिसत असतं. मांस खाऊन सांगाडा उघडा पडला की त्यावर अंडी घालतो. एका पुंजक्यात वीसपेक्षा जास्त कोष, एकेका कोषात ३ ते ७ पिल्लं. कोष सांगाड्याला चिकटवलेले, आणि वर असं कवच की तुमचं डिप त्यांना अभ्यंगस्नान वाटावं. साधारण २१ दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. पाणी थंड असेल तर आणखी सावकाश, गरम असेल तर त्याहून लवकर.

आणि या किड्याचं चरित्र तर आपल्या छंदाचा गौरवग्रंथच आहे. २०११ साली शास्त्रज्ञांनी त्याचं रीतसर वर्णन केलं, ते टाक्यांतल्या कोरलवर सापडलेल्या नमुन्यांवरून. खुल्या समुद्रात, ग्रेट बॅरिअर रीफवर, तो आढळल्याची नोंद त्यानंतर, २०१२ ची. म्हणजे जो प्राणी अथांग महासागरात कुणाला शोधून सापडत नव्हता, तो आपल्या बेसमेंटांत सहकुटुंब सहपरिवार नांदत होता. मॉन्टिपोरा नावाचं कोरल खाणाऱ्या पांढऱ्या गोगलगायीचीही तीच कथा. शौकीन तिच्या नावाने वर्षानुवर्षं बोटं मोडत होते. विज्ञानाने तिला फेस्टिला सबओडिओसा असं नाव दिलं २०२० साली, तेही मत्स्यालयांतल्या नमुन्यांवरून. जीवशास्त्राला एवढं योगदान देऊनही आमच्या मंडळींना कोणी मानद डॉक्टरेट कशी देत नाही, कोण जाणे.

आता या कोषापुढे ती दहा मिनिटं ठेवा. शनिवारी डिप. तरंगत खाली पडलेले दोन किडे बघून विजयोत्सव: "बघा वहिनी, निघाले की नाही!" अहो, निघाले म्हणूनच तर काळजी करायची. दोन मोठे निघाले याचा अर्थ अंडी घालण्याच्या वयाचं जोडपं तिथे राहत होतं. पण तेवढा विचार करेपर्यंत फ्रॅग मोठ्या टाकीत गेलेला असतो. तीन आठवड्यांनी पिल्लं बाहेर. दीड-दोन महिन्यांनी मोठ्या, जुन्या, जिवापाड वाढवलेल्या कोरलवर बारीक फिकट ठिपके. मग सुरू होतं महानिदान. अल्कलिनिटी हलली असेल. दिवा तीव्र झाला असेल. मिठाची बॅच खराब निघाली. बाटली पुन्हा पोस्टाने प्रयोगशाळेला, आणि रिपोर्टात आयोडीन किंचित कमी आढळल्यावर सर्वांना हायसं वाटतं. रोग रेड्याला, औषध पखालीला, ही म्हण आमच्या बेसमेंटांत बसूनच कुणी रचली असावी. कोरल बुडापासून पांढरं पडत जातं आणि मालक आयोडीनचे थेंब मोजतो.

डिपला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. डिप करावंच. ते हलणाऱ्या-फिरणाऱ्या किड्यांसाठी आहे, अंड्यांसाठी नाही. एवढं साधं वाक्य ज्यांच्या गळी उतरत नाही त्यांना डिपच्या रसायनाबद्दलही एक गंमत सांगून ठेवते. "केमिकल नको, नॅचरल ठेवू" असा जप करणाऱ्या याच संप्रदायात सर्वांत लोकप्रिय डिपांपैकी एक कुठलं? गुलाबांवर फवारायचं कीटकनाशक! त्यातलं एक मुख्य द्रव्य इमिडाक्लोप्रिड. विदर्भातल्या कापूसवाल्याला विचारा, मावा आणि तुडतुडे मारायला तो हेच फवारतो. युरोपीय संघाने मधमाशांच्या काळजीपोटी २०१८ साली उघड्या शेतातला त्याचा वापर बंद केला. आमचे निसर्गपूजक तेच बादलीभर खाऱ्या पाण्यात ओतून त्यात प्रवाळ बुचकळतात. आणि या बाटलीच्या लेबलवर समुद्री प्राण्याचं नावसुद्धा नाही. मग मघाची ती लेबलनिष्ठा कुठे गेली? जे लेबल दहा मिनिटांत मोकळं करतं ते शिरोधार्य, जे लेबल 'गुलाबांसाठी' म्हणतं ते टाका कचऱ्यात. असं सोयीचं शास्त्र आपल्याकडे काही नवीन नाही म्हणा.

रेड बगचं औषध याहून बहारदार. मिल्बेमायसिन ऑक्सिम: कुत्र्यांना हृदयातले जंत होऊ नयेत म्हणून द्यायची गोळी. इथे ती प्राण्यांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. तेव्हा कुत्रा नसलेले एक सद्गृहस्थ काल्पनिक कुत्र्याची केस घेऊन डॉक्टरकडे गेले म्हणे. कुत्र्याचं वजन किती, विचारल्यावर बोलून गेले, "शंभर गॅलन." गोळी मिळाली की नाही ठाऊक नाही. मिळाली असेल तर बगांबरोबर टाकीतल्या कोळंब्या आणि खेकडेही गेले असतील, कारण औषधाला भाऊबंदकी कळत नाही. छोट्या वेगळ्या टाकीत, एका फ्रॅगवर, हाच उपाय अर्ध्या दिवसात कुणाचाही बळी न घेता झाला असता. पण वेगळी टाकी म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या.

आता हुशार आक्षेप. तो घेणारा माणूस दोन पुस्तकं वाचलेला असतो, त्यामुळे अधिक धोकादायक. "वहिनी, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे इच, माशांना होतो, कोरलला नाही. मग माशांचं क्वारंटाइन मी करतोच की. कोरलचं कशाला?"

शाब्बास. पहिला अर्धा भाग अगदी बरोबर. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा परजीवी कोरलच्या वाटेला जात नाही. पण त्याचा दिनक्रम ऐका. माशाच्या कातडीत शिरून तो पोट भरतो. पोट भरलं की मासा सोडतो, खाली पडतो आणि जो कडक पृष्ठभाग मिळेल त्याला चिकटून स्वतःभोवती कोष करतो. दगड, शिंपला, गोगलगायीची पाठ, आणि हो, तुमच्या फ्रॅगचं ते चिनी मातीचं बूच. कोषाच्या आत एकाचे शेकडो होतात. मग एके दिवशी कोष फुटतो आणि शेकडो पोहणारी पिल्लं मासा शोधत सुटतात. कोष फुटायला बहुधा ३ ते २८ दिवस लागतात. नोंदलेली कमाल ७२ दिवसांची आहे. बाहेर पडल्यावर दिवस-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर पिल्लं उपाशी मरतात. म्हणून जुने-जाणते ७६ दिवस सांगतात: ७२ आणि वर थोडा हात राखून. पाणी गरम ठेवलं तर ४५ दिवस पुरतात असं हल्ली काही जण म्हणतात. मी ७६ वालीच. तुम्ही ४५ वर ठेवलंत तरी तुम्हाला दहा मिनिटंवाल्यांच्या पंगतीला बसवणार नाही.

कोरलच्या बाबतीत औषधाचा मार्गही बंद असतो, हे आमचे विद्वान विसरतात. माशांचा हा रोग तांब्याने बरा होतो, पण तेच तांबं कोरलचा आणि कोळंबीचा जीव घेतं. तेव्हा बुचावरच्या कोषावर एकच इलाज: काळ. मासा नसलेलं पाणी आणि काळ. बाजारात बाटलीत मिळत नाही म्हणून त्याला किंमत नाही.

मासा नसलेलं, बरं का. कारण या संप्रदायातले जे थोडे लोक माझा जाच चुकवण्यासाठी वेगळी टाकी मांडतात, त्यांच्यातला एक तरी अभिमानाने दाखवतो: "बघा वहिनी, क्वारंटाइन टँक! रिकामी रिकामी वाटत होती म्हणून एक क्लाउनफिश सोडलाय." म्हणजे उपाशी मरायला निघालेल्या परजीवीसाठी यजमानाची सोय करून ठेवलेली. अतिथी देवो भव. ७६ दिवसांनी या टाकीतून जे बाहेर पडेल त्यापेक्षा दुकानातून थेट आणलेलं कोरल बरं. निदान त्यात फसवणूक नाही.

यावर एक प्रकारचं वैराग्यही ऐकवलं जातं. "इच काय, सगळ्याच टाक्यांत असतं हो. मासा सशक्त असला की झालं." परमेश्वर सर्वव्यापी आहे, क्रिप्टोकॅरिऑन नाही. तो कुणीतरी आणल्याशिवाय येत नाही, आणि माशाशिवाय जगत नाही. ज्या टाकीत तो आणलाच नाही तिथे तो नसतो. हा अध्यात्माचा प्रश्न नव्हे. पण 'सगळीकडेच असतं' या वाक्यात फार सोय आहे. आपण आणलं ही गोष्ट त्यात कायमची बुडते.

वैराग्य संपलं की घरगुती उपाय सुरू. माशांच्या खाण्यात लसूण! आषाढी एकादशी उलटली की चार महिने कांदा-लसूण न शिवणाऱ्या एका घरात मी हे पाहिलं आहे: स्वयंपाकघरात चातुर्मास आणि बेसमेंटमध्ये लसणाचा अर्क. लसणाच्या वासाने मासा चवीने खातो, एवढं खरं. त्याने परजीवी मरतो याला पुरावा नाही. साफसफाई करणारी कोळंबी आणली तर ती कातडीच्या आत दडलेल्या परजीवीचं काय करणार? अतिनील दिव्याची नळी बसवली तर त्या नळीतून जे पाणी जाईल त्यातलंच मरेल. दगडाला चिकटलेला कोष काही उठून नळीपर्यंत चालत येत नाही. हे तिन्ही उपाय मिळून जो खर्च होतो त्यात दहा गॅलनची टाकी, हीटर, छोटा पंप आणि साधा दिवा येतो. पण ते मांडलं तर '७६ दिवस थांबा' म्हणावं लागतं, आणि थांबणं हीच तर यांची खरी अडचण आहे. पैशाची नव्हे, जागेची नव्हे. ज्या बेसमेंटमध्ये सहा फुटी टाकी, तिच्याखाली दुसरी टाकी, पाणी शुद्ध करायचं यंत्र आणि मिठाच्या चार बादल्या मावतात तिथे दोन फुटांची पेटी मावत नाही, हे मला कुणी सांगू नये.

आणि मी हे सुचवलं की चेहरे असे होतात जणू मी १८९७ च्या पुण्यातला रँडसाहेब आहे, आणि आता सोजिरांना घेऊन यांच्या देवघरात शिरणार आहे. अहो, कोरलला विचारा तरी! त्याला दोन्हीकडे प्रकाश, दोन्हीकडे पाणी. त्याचा स्वाभिमान दुखावत नाही. दुखावतो तुमचा, कारण शनिवारी दोनशे डॉलर मोजले आणि रविवारी जेवायला येणाऱ्या पाहुण्यांना ते मुख्य टाकीत, मधोमध, निळ्या दिव्याखाली चमकताना दिसलं पाहिजे. यातलेच दोघे-तिघे मार्च २०२० मध्ये मुंबईला उतरले होते. तेव्हा महाराष्ट्रात परदेशातून येणाऱ्यांच्या हातावर क्वारंटाइनचा शिक्का मारत होते. शिक्क्याचे फोटो त्यांनी अजून जपलेत. स्वतः निमूट घरात बसले, गॅलरीतून लोकांशी बोलले, आणि विलगीकरण का आवश्यक आहे यावर नातेवाइकांना व्याख्यानं दिली. ज्ञान होतं, म्हणजे आहे. फक्त ते पाण्यात विरघळत नाही.

विकणाऱ्यांचं काय? त्यांचा सूर ठरलेला: "आमच्याकडचं सगळं क्लीन असतं." एका विक्रेत्याने मला छातीवर हात ठेवून सांगितलं की त्याचं प्रत्येक कोरल क्वारंटाइनमधून येतं. मी क्वारंटाइन बघायला मागितलं. मागच्या खोलीत चार उथळ टाक्या, चारींतून एकच पाणी फिरतंय, आणि दर आठवड्याला आलेली नवी पेटी त्याच पाण्यात रिकामी होते. याला तो 'सिस्टम' म्हणत होता. एस.टी. स्टँडवर बाकडं टाकून त्याला विलगीकरण कक्ष म्हटलं तरी चालेल मग. त्या माणसाचा मला राग येत नाही. त्याचा धंदा माल फिरवण्याचा आहे. ७६ दिवस माल अडवून ठेवणारा दुकानदार भाडं कशातून देणार? राग येतो तो त्याच्या 'क्लीन' या शब्दावर जमीन-जुमला लिहून देणाऱ्या गिऱ्हाइकाचा.

आणि हे फक्त हौशी लोकांचंच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या न्यूक्वे इथल्या ब्लू रीफ अ‍ॅक्वेरियममध्ये २००९ साली कोरल रात्रीतून कापल्यासारखी तुटलेली दिसायला लागली. सापळे लावले, आमिषं लावली. चोर सापडेना. शेवटी टाकीतला दगड न दगड बाहेर काढला, तेव्हा आत निघाला मीटरभराहून लांब बॉबिट वर्म, शेकडो केसाळ पायांचा आणि चिमट्यासारख्या जबड्यांचा. कुठल्यातरी दगडा-कोरलबरोबर लहानपणी आत आला असणार आणि फुकटच्या जेवणावर वाढला असणार. त्यांनी त्याचं नाव बॅरी ठेवलं. पगारी तज्ज्ञांच्या नाकाखाली बॅरी वाढू शकतो, पण आमच्या डेटाबेसवाल्याच्या टाकीत नाही, कारण त्याची नजर म्हणे 'तयार' झालेली आहे.

मग शेवटचं ब्रह्मास्त्र. "माझी टाकी, माझे पैसे, माझी मर्जी." इथे माझा विनोद आटतो. टाकी तुमची आहे. तिच्यातलं काहीच तुमच्यापुरतं राहत नाही. तुमचं कोरल वाढलं की तुम्हीच त्याच्या फांद्या मोडता, बुचांवर चिकटवता आणि वाटता. एक मित्राला वाढदिवसाला, एक शेजाऱ्याला, चार मेळ्यात विकायला. त्या बुचांवरची अंडीही वाटता. किडा खंड ओलांडून पोचतो तो पोहत नव्हे, तुमच्या औदार्यावर.

हौसेची मर्जी काचेबाहेर पडली की काय होतं याची नोंद आहे. १९८४ साली मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयाच्या भिंतीखाली, भूमध्य समुद्रात, कॉलेर्पा टॅक्सिफोलिया नावाचं हिरवंगार शेवाळ दिसलं. जेमतेम एक चौरस मीटर. मत्स्यालयांच्या शोभेसाठी जोपासलेला वाण. पुढे तो हजारो हेक्टर समुद्रतळावर पसरला. तेच शेवाळ २००० साली कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडलं. तिथे शहाण्या लोकांनी वेळ न दवडता त्यावर ताडपत्र्या अंथरल्या, खाली क्लोरीन सोडलं, आणि २००६ साली ते संपल्याचं जाहीर केलं. खर्च ७० लाख डॉलरच्या वर. चौरस मीटर असताना कोणीतरी तिथेही म्हणालंच असेल, एवढ्याशाने काय होतंय.

ठाण्याचा भाचा फोनवर विचारतो, "मावशी, येताना दोन फ्रॅग आणशील का गं, ओल्या रुमालात गुंडाळून?" बाळा, दगडी प्रवाळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटिस करारात आहेत, परवान्याशिवाय देशाची हद्द ओलांडता येत नाही. आणि मालवणच्या पाण्यात दिसतात म्हणून उचलायचा विचार असेल तर तोही सोड. भारतातले दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. तुझ्या बाबतीत क्वारंटाइनचा प्रश्नच येत नाही. फार तर तुरुंगाचा येईल.

आता जे अजून वाचताहेत ते आपलेच, म्हणून कामाचं सांगते. फ्रॅग आणलात की आधी बूच तोडून कचऱ्यात टाका. अर्धी ब्याद तिथेच गेली. बुडाशी उघडा सांगाडा असेल तर तोही छाटा. कोरलचा तुकडा नव्या बुचावर. डिप करा, पण आठवड्याला एकदा, निदान दीड महिना. म्हणजे अंड्यातून निघालेली पिल्लं पुढची अंडी घालण्याआधी मरतील. टाकीत मासा नको, एकही नको, शोभेलाही नको. मोठ्या टाकीचं पाणी छोटीत घालायला हरकत नाही. छोटीचं पाणी मोठीत थेंबभरही नाही. जाळी, नळी, चिमटा, बादली सगळं वेगळं. दोन टाक्यांत दहा फूट अंतर, कारण माशांचा दुसरा काळ, अ‍ॅमिलूडिनियम, पाण्याच्या तुषारांवर बसून हवेतूनही जातो. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन बघा, कारण यातले निम्मे निशाचर आहेत. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा. आणि किड्यांवर उपाय म्हणून झोअँथिड लागलेला दगड उकळायचा पराक्रम करू नका. काहींत पॅलिटॉक्सिन असतं. २०१८ साली ऑक्सफर्डशरमध्ये टाकीतल्या कोरलची साफसफाई करताना एक अख्खं कुटुंब आणि मदतीला आलेले अग्निशमन दलाचे जवान त्यामुळे रुग्णालयात पोचले होते.

बुचावर पेन्सिलने तारीख लिहा, म्हणजे 'झाले असतील की दोन-अडीच महिने' असली मराठी कालगणना चालणार नाही.

माझ्याकडे यायचं असेल तर जरूर या. फ्रॅग आणणार असाल तर तारीख घालून आणा. तारीख नसेल तर बसा, चहा घ्या, पोहे खा, माझी टाकी लांबून बघा, आणि जाताना फ्रॅग सोबत घेऊन जा.